पंचांवर आणि खेळाडूंच्या अदलाबदलीवर वाद घालण्यापूर्वी
एनबीएच्या (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या) वादांत तुम्ही नव्याने उतरत असाल, तर पंचांवर पक्षपाताचा आरोप करण्यापूर्वी अटीतटीच्या सामन्यांनंतर लीग स्वतःच प्रसिद्ध करत असलेला शेवटच्या दोन मिनिटांचा अहवाल वाचावा. २०१५ पासून निघणाऱ्या या अहवालात चुकीने दिलेले आणि द्यायचे राहून गेलेले फाउलही नोंदवलेले असतात, मात्र त्यामुळे निकाल बदलत नाही. संघांमधील खेळाडूंच्या अदलाबदलीबाबत अधिक सबुरी हवी. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅलस संघाने आपला तारांकित खेळाडू लुका डॉन्चिच याला लॉस एंजेलिस लेकर्स संघाकडे पाठवून अँथनी डेव्हिस, मॅक्स क्रिस्टी आणि २०२९ च्या ड्राफ्टमधील (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेतील) पहिल्या फेरीत खेळाडू निवडण्याचा हक्क घेतला, तेव्हा चाहत्यांचा संताप (माझ्या मते) रास्तच होता. तरीही केवळ नावांची तुलना न करता वय, दुखापती, कराराची उरलेली वर्षे आणि वेतनमर्यादा (संघाच्या एकूण पगारखर्चावरील बंधन) पाहूनच मत मांडावे.