लघवीचा संसर्ग वारंवार होत असेल तर खाण्यापिण्यात काय बदलावं?

वर्षात तिसऱ्यांदा लघवीला जळजळ होऊन संसर्ग निघाला, आता आहारात काय बदलू, असं तुम्ही विचारलंय. आधी पाणी. बाकीचं सगळं त्यानंतर.

बहुतेकदा हा त्रास आतड्यातल्या ई. कोलाय जंतूंमुळे होतो. बायकांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंमी, त्यामुळे जंतू चटकन मूत्राशयात पोहोचतात, आणि लघवी तुंबली की त्यांचं फावतं. २०१८च्या एका चाचणीत, वारंवार संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरही न पिणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांनी रोज दीड लिटर पाणी जास्त घेतलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, इतरांना ३.२ वेळा. औषधाशिवाय एवढा फरक!

या जास्तीच्या पाण्यासाठी अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या भरून ठेवा आणि शेवटची संध्याकाळीच संपवा, म्हणजे रात्री उठावं लागणार नाही. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रमाण डॉक्टरांना विचारा. गडबड होते ती पुढे: पाणी पितात, पण लघवी पाच-पाच तास धरून ठेवतात. तीन-चार तासांनी जाऊन या. कमोडला न टेकता अधांतरी बसलात तर ओटीपोटाचे स्नायू सैल पडत नाहीत आणि थोडी लघवी आत उरते. सीट पुसा, पण नीट बसा.

तिखट आणि कॉफीने संसर्ग होत नाही. झालेला असताना आग मात्र वाढते, तेवढे दिवस टाळा. बद्धकोष्ठता असेल तर तंतुमय पदार्थ वाढवा, कारण भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं. क्रॅनबेरी हे आंबट लाल फळ जंतूंना मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला चिकटू देत नाही, पण ती प्रतिबंधापुरती, उपचार म्हणून नाही. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. डी-मॅनोज या साखरेच्या पुडीवर पैसे घालवू नका. २०२४च्या मोठ्या चाचणीत रोज २ ग्रॅम घेऊनही फायदा दिसला नाही.

शुक्राणुनाशक जेल वापरत असाल तर ते बदला, त्याने योनीतले रक्षक जंतू मरतात. पाळी गेली असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल डॉक्टरांशी जरूर बोला, पुष्कळ जणींना त्याचा चांगला उपयोग होतो.

वर्षात तीनदा झालंय म्हणजे लघवीचं कल्चर, म्हणजे कोणता जंतू आहे ते शोधणारी तपासणी, हवंच. नमुना अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्या. सुरुवातीची धार सोडून मधली धरा. थंडी-ताप, कुशीत दुखणं, उलट्या, किंवा गरोदरपण असेल तर घरी थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.