वलंदेज म्हणजे पोर्तुगीज नव्हेत

जुन्या मराठी कागदांतले ‘वलंदेज’ म्हणजे पोर्तुगीजच ना, आणि शब्द फारसीतून आला का, असे एका वाचकाने विचारले आहे. पोर्तुगीज मुळीच नव्हेत. किल्ल्यांवरच्या व्हिडिओंत हे ऐकून कान किटले. पोर्तुगीज ते फिरंगी, डच ते वलंदेज, सगळे युरोपीय मिळून टोपीकर. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठी राज्यनीतीच्या ग्रंथात, फिरंगी, इंगरेज, वलंदेज, फरासीस (फ्रेंच), डिंगमार (डेन्मार्कचे) अशी वेगवेगळी नावे आहेत. अमात्य एकाच लोकांना दोनदा कशाला मोजतील? वेंगुर्ल्याची पडकी वखार या वलंदेजांचीच. गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या गलबतांना तिथून रसद मिळे.

खरी गंमत म्हणजे डचांचे हे नाव त्यांच्या हाडवैऱ्यांच्या तोंडून आले. पोर्तुगीजात हॉलंडच्या माणसाला जो शब्द आहे त्यात आरंभी ‘ह’ लिहितात, पण उच्चारत नाहीत. उरला ‘ओलांदेझ’. आरंभीच्या ‘ओ’ला ‘व’ चिकटवायची आपली खोड जुनी. ओवीची वोवी, ओखट्याचे वोखटे. तसाच हा वोलंदेज, आणि झिजून वलंदेज. बंगालीत ‘ओ’ शाबूत राहिला, तिथे ओलंदाज. (शेवटचा ‘दाज’ गोलंदाजाच्या ओढीने आला असावा, असा माझा जुना संशय आहे.)

‘फारसी’ असा शिक्का मारून मोकळे होणाऱ्या पंडितांना माझा एकच प्रश्न : फारसीत तो कुठून टपकला? उर्दूत आजही डचांना वलंदेजी म्हणतात, हे मान्य. पण डच कंपनी निघाली 1602 मध्ये, आणि पोर्तुगीज इराणच्या आखाताच्या तोंडाशी होर्मुझ बेटावर 1515 पासून ठाण मांडून होते. इराण्यांनाही हे नाव त्यांनीच शिकवले असणार.

मलाय भाषेत याच पोर्तुगीज नावाचे ‘बलांदा’ झाले. सुलावेसी बेटावरच्या मकासरचे दर्यावर्दी समुद्रकाकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री जीव) गोळा करायला ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावर जात. त्यांच्याकडून आर्न्हेम लँडच्या आदिवासींनी तो शब्द उचलला आणि गोरा माणूस तिथे आजही ‘बलांदा’च. म्हणजे इंग्रजांच्या वंशजांना तिथे पोर्तुगीजांनी डचांना दिलेल्या नावाने हाक मारतात!

आणि डिंगमारांचा डिंग्या मारण्याशी काही संबंध नाही. पोर्तुगीज डेन्मार्कला ‘दिनामार्का’ म्हणतात. बंगालीत त्याचे दिनेमार झाले, आपल्याकडे डिंगमार.