कणकेला मासा लागत नाही, असं म्हणणाऱ्यांनी हे वाचा

तुमचा प्रश्न असा आहे: सासवडजवळ मित्राचं शेततळं आहे, रविवारी आठ वर्षांच्या मुलाला घेऊन गळ टाकायला जाणार आहात, मुलगा गांडुळाला हात लावायला तयार नाही, दुकानातलं आमिष महाग वाटतं, तर घरातल्या किराण्यातलं काय चालेल? त्याखाली एकाने उत्तर दिलंय की कणिक-बिणिक हा पोरखेळ आहे, मोठा मासा हवा तर पाकिटातलंच आमिष घ्या. प्रश्नापेक्षा ते उत्तर वाचून लिहायला बसलो. हेच वाक्य मी माझ्या साडूंच्या तोंडून ऐकलंय, तेही सासरच्या सगळ्या माणसांसमोर.

आधी सरळ सांगतो. कणिक चालते, मैदा चालतो, पाव, उकडलेला मका, उकडलेले हरभरे, शेंगदाण्याची पेंड, सगळं चालतं. पण पिशवी भरण्याआधी मित्राला फोन करून एवढंच विचारा: तळ्यात रोज काय टाकतोस, किती वाजता, कुठल्या कोपऱ्यात? या तीन उत्तरांत तुमचं निम्मं काम आहे.

कणकेची गोळी मला वडिलांनी शिकवली. ते खडकीला कारखान्यात होते. रविवारी मला सायकलच्या दांडीवर बसवून मुळा नदीच्या काठी न्यायचे. तेव्हा त्या पाण्यात मासे असायचे आणि आमच्या घरी रविवारचं कालवण बहुतेक वेळा तिथूनच यायचं. दोन मुठी कणिक, एक मूठ मैदा, पाणी अगदी बेताचं. मळून झाली की देवघरातला चिमूटभर कापूस घ्यायचे, बोटांनी विंचरून त्याचे धागे धागे मोकळे करायचे आणि ते त्या गोळ्यात मळत राहायचे. पांढरं काही दिसेनासं झालं की गोळा ओल्या फडक्यात बांधायचा. निघण्याआधी हरभऱ्याएवढी गोळी पेल्यातल्या पाण्यात टाकायची. मी सायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरून परत येईपर्यंत पाणी गढूळ झालं नसेल तर कणिक जमली. झालं असेल तर पुन्हा मळायची.

कापूस का, ते मला फार उशिरा कळलं. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस (कॉमन कार्प) या सगळ्या एकाच कुळातल्या माशांच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. मासा गोळी आत ओढतो, तोंडात चाचपतो आणि संशय आला की फुंकल्यासारखी बाहेर टाकतो. म्हणजे गोळी मऊच हवी. ती दगडासारखी असली तर हिसका दिल्यावर गळाचं टोक तिच्यातून बाहेर येत नाही आणि मासा सुटतो. पण मऊ गोळी पाण्यात विरघळते. कापसाच्या धाग्यांनी ती मऊ राहूनही जागची हलत नाही. वडिलांना माशाच्या घशातल्या दातांबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी शेकडो गोळ्या वाया घालवून हे शोधलं होतं.

आता साडूंचं. २०१८ ची दिवाळी. माझी सासुरवाडी पुरंदरात, अंजिराची बाग. आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली तेव्हा तळं खणून त्यात प्लास्टिकचा कागद अंथरून घेतला होता आणि पुढच्या पावसाळ्यात त्यात रोहू-कटल्याचं बी, म्हणजे बोटभर पिल्लं, सोडलं होतं. दिवाळीपर्यंत मासे चांगले किलोच्या घरात गेले होते. पाडव्याला दोन्ही जावई हजर. साडू माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे, मुंबईला चांगल्या हुद्द्यावर. त्यांनी नवीन रॉड आणला होता, रीळ आणलं होतं आणि स्ट्रॉबेरीच्या वासाच्या आमिषाचं साडेतीनशे रुपयांचं पाकीट आणलं होतं. मी नेला होता बांबू आणि तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा.

माझी पहिली चूक इथे झाली आणि ती तुम्ही करू नका. मळायचा कंटाळा केला आणि स्वयंपाकघरातून पोळ्यांची तयार कणिक उचलली. पोळ्यांच्या कणकेत तेल असतं, ती भिजवून मुरवलेली असते, पोळी मऊ व्हावी म्हणून सैल असते. गळाला लावली की टाकतानाच सुटून दूर पडायची. पाण्यात पडलीच तर दोन मिनिटांत रिकामा गळ वर. अर्धा तास मी नुसता गळ भिजवत होतो. साडू खुर्चीवरून म्हणाले, "काय हो, मासे धरायला आलात की पोळ्या लाटायला?" सगळे हसले. ते मी सोडून दिलं असतं. पण नंतर ते म्हणाले, "कणिक हे ज्यांना परवडत नाही त्यांचं आमिष. त्याला काय मोठा मासा लागत नसतो."

हे जिव्हारी लागलं. वडिलांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्या कणकेवर त्यांनी आम्हा चार जणांना रविवारचं जेवण घातलं होतं. परवडत नाही म्हणून वापरायचे हे खरं, पण ती लागते म्हणून वापरायचे हे त्याहून खरं. मी काही बोललो नाही. उठलो आणि तळ्याला खाद्य टाकणाऱ्या वाटेकऱ्याकडे गेलो.

तो म्हणाला, रोज दुपारी चारला शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा निम्मे-निम्मे भिजवून बादलीतून टाकतो, मोटरीच्या पाइपाजवळच्या कोपऱ्यात. आम्ही दोघं सकाळपासून बसलो होतो समोरच्या काठावर, कारण तिथे अंजिराची सावली होती.

कागद अंथरलेल्या तळ्यात चिखल नसतो. तळाशी किडे नाहीत, गांडुळं नाहीत, काठाला गवत नाही. पाण्यात हिरवं शेवाळ धरतं तेवढं सोडलं तर मासा वाढतो तो बादलीवर. त्याला अन्नाचा वास म्हणजे पेंडीचा वास आणि जेवणाची वेळ म्हणजे चार. तिथे स्ट्रॉबेरी कोण ओळखणार? गोठ्यातून पेंडीचा एक ढेप घेतला, पाट्यावर बारीक केला. सासूबाईंकडे मैदा मागितला आणि वातींचा कापूस मागितला. त्यांनी कापूस कशाला विचारलं, मी सांगितलं, तेव्हा त्या स्वतः धागे मोकळे करून द्यायला बसल्या. दोन भाग मैदा, एक भाग पेंड, नखभर गूळ. पेल्यात गोळी टाकून बघितली. टिकली.

चारला दहा मिनिटं कमी असताना पाइपाच्या कोपऱ्यात बसलो. वाटेकऱ्याला म्हटलं, आज अर्धीच बादली टाक. दोऱ्याला मोरपिसाच्या देठाची कांडी, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, लावली होती, गळ तळापासून दोन हात वर. पहिल्यांदा कांडी नुसती थरथरली. मग आडवी झाली, मग सरळ तिरकी खाली गेली. हिसका दिला आणि बांबू वाकला. तो रोहू अंजिरं तोलायच्या काट्यावर सव्वा किलो भरला. दिवेलागणीपर्यंत आणखी दोन.

साडू काय म्हणाले? "हे जागेमुळे झालं, वेळेमुळे झालं. कणकेमुळे नाही." आणि दुसऱ्या दिवशी, भाऊबिजेला, चार वाजता माझ्या शेजारी त्याच कोपऱ्यात स्ट्रॉबेरीचा गोळा लावून बसले. त्यांना एक मासा मिळाला, मला चार. गेली कित्येक वर्षं ते त्या एका माशाचं सांगतात आणि मी चारांचं. पण आमचा वाद मासे मोजायचा नव्हताच. पाकिटाला मासा लागत नाही असं मी कधी म्हटलं नाही. कणकेला लागत नाही असं ते म्हणाले होते. ते खोटं ठरलं आणि आजतागायत त्यांनी ते कबूल केलेलं नाही. जागा-वेळेचा त्यांचा मुद्दा बरोबर आहे, हे मात्र मी त्याच दिवशी मान्य केलं आणि आजही करतो. चुकीच्या काठावर बसलात तर माझ्या वडिलांची कणिकही काही करू शकत नाही.

बाकी किराण्याबद्दल थोडक्यात. ज्वारी-बाजरीचं पीठ गळाला लावू नका, त्यात गव्हासारखा चिकटपणा नाही, पाण्यात गेलं की विखुरलं. पण नेमकं त्यामुळेच ते मासे गोळा करायला उत्तम. शिळी भाकरी कुस्करून, भिजवून दोन-तीन मुठी टाका आणि गळ तिथेच सोडा. मुठीच, ताटं नव्हे. पोट भरलं की मासा गोळीकडे बघत नाही आणि उरलेलं अन्न पाण्यात कुजतं. बेसन वासाला चांगलं, एकटं टिकत नाही, मैद्यात मिसळा. मका उकडलेलाच हवा. वाळलेला असेल तर रात्रभर भिजवून मग उकडा, नखाने दाबला जाईल इतका. सायप्रिनसला तो फार आवडतो आणि बारीक मासे तो चोरू शकत नाहीत. हरभऱ्याचंही तेच. लादीपावाचा मधला मऊ भाग चिमटीत दाबून लावला की चिलापी (तिलापिया) लगेच येते. ही चिलापी १९५२ मध्ये आपल्या देशात आणली आणि आता जिथे तिथे झालीय, त्यामुळे आप्पांसारखं निवडून बी सोडलेलं तळं नसेल तर तुमच्या मुलाचा पहिला मासा बहुधा तीच असेल. लहान मुलासाठी पाव सगळ्यांत सोपा, मळायची कटकट नाही.

हिंग, बडीशेप, भाजलेली मेथी, वेलची यांबद्दल लोक तासन्‌तास बोलतात. मी सगळं घालून बघितलंय. चिमूटभर भाजलेल्या मेथीच्या पुडीने फरक पडतो असं मला वाटतं. हिंग लोक इतका घालतात की हाताचा वास दोन दिवस जात नाही, माशाला त्याचं काही पडलेलं दिसलं नाही. मरळ मात्र यातल्या कशालाच बधत नाही, तो शिकारी मासा आहे, त्याला जिवंत बेडूक किंवा मासोळी लागते. मरळीसाठी कणिक मळत बसू नका.

कांडीची उंचीही बघा. कटला वरच्या थरात खातो, त्याचं तोंडच वर वळलेलं असतं. रोहू मधल्या पाण्यात, मृगळ आणि सायप्रिनस तळाशी. काहीच लागत नसेल तर आमिष बदलण्याआधी गळ हातभर वर-खाली करून बघा.

आणि हे मी आधीच लिहायला हवं होतं. मित्राच्या तळ्यात कागद असेल तर गळ तळाला टेकू देऊ नका, दोऱ्याला वजनासाठी लावलेलं शिसं तळावरून ओढत आणू नका. पाचशे मायक्रॉनचा कागदही गळाच्या टोकाने फाटतो आणि एका भोकातून मित्राचं उन्हाळ्याचं पाणी जाईल. त्यामुळे तिथे मृगळाचा नाद सोडा, कांडी लावून मधल्या पाण्यातच टाका. आमच्या आप्पांनी दोन्ही जावयांना हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. धरणावर किंवा गावतळ्यावर जाणार असाल तर तिथली मासेमारी बहुतेक ठिकाणी सोसायटीकडे किंवा ठेकेदाराकडे असते, विचारल्याशिवाय गळ टाकू नका.

मुलाचं तर फारच जपा. ओल्या कागदावर पाय ठरत नाही. उतारावर घसरलेला मोठा, पोहणारा माणूससुद्धा स्वतः वर येऊ शकत नाही, हाताला धरायला काही नसतं. जाताना एक जाड दोर न्या, गाठी मारून त्याचं एक टोक काठावरच्या झाडाला किंवा खांबाला बांधून दुसरं पाण्यात सोडून ठेवा. मुलाला कुंपणाच्या आत एकट्याला जाऊ देऊ नका आणि गळ तुम्हीच टाका. कणकेच्या गोळ्या मात्र त्यालाच वळू द्या.