आधी वेळ ठरवा, मग हॉटेल

प्रश्न : आम्ही तिघी शाळेपासूनच्या मैत्रिणी, आता साठीच्या पुढच्या. मी डोंबिवलीला राहते, एक बोरिवलीला आणि एक चेंबूरला. महिन्यातून एकदा बाहेर जेवायला भेटायचे, असे आम्ही ठरवले आहे. गेल्या खेपेस एका मॉलमधल्या हॉटेलात गेलो, तर गाण्यांच्या दणदणाटात एकमेकींचे बोलणे ऐकू येईना आणि मेनूकार्डावरची निम्मी नावेही कळेनात. एकीचा गुडघा नुकताच बदलला आहे, दुसरीला मधुमेह आहे. थाटमाट नको, नेहमीच्या साडीवर जाता येईल, पोटभर जेवून निवांत बोलता येईल, असे हॉटेल कसे निवडावे?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : आपल्या तिघींच्या पत्त्यांनी ठिकाणाचा प्रश्न जवळजवळ सोडवलेलाच आहे. डोंबिवलीहून जलद लोकल दादरला थांबते, बोरिवलीहूनही थांबते आणि चेंबूरच्या मैत्रिणीला कुर्ल्याला एकदाच गाडी बदलावी लागते. डिसेंबर 2023 पासून दादरचे फलाट सलग क्रमांकांचे झाले आहेत. 1 ते 7 पश्चिम रेल्वेचे आणि 8 ते 14 मध्य रेल्वेचे. त्यामुळे ‘एक नंबरवर भेटू’ या वाक्याचे आता दोन अर्थ निघत नाहीत आणि पश्चिमेला बाहेर पडायलाही तोच फलाट सोयीचा आहे.

ठिकाणानंतर लोक थेट हॉटेलाच्या नावाकडे वळतात, आणि माझ्या मते चूक तिथेच होते. आपल्याला हवा असलेला निवांतपणा हॉटेलात नसतो, तो घड्याळात असतो. दादर-माटुंग्याची साधी उपाहारगृहे कमी दरात चांगले खायला घालू शकतात, याचे कारणच असे की एकेका टेबलावर दिवसभरात कितीतरी गिऱ्हाइके बसून उठतात. दुपारी एक वाजता अशा ठिकाणी तुमचा शेवटचा घास तोंडात असतानाच पोऱ्या फडका घेऊन येतो, न मागता बडीशेपेच्या वाटीबरोबर बिल ठेवतो, आणि मागे उभे असलेले कुटुंब तुमच्या ताटात किती भात उरला आहे ते मोजत असते. यात उद्धटपणा नाही; त्या धंद्याची ती चालच आहे. त्याच हॉटेलात दुपारी साडेतीन वाजता गेलात, तर कोपऱ्यातल्या टेबलावर दोन वेटर कागदी रुमालांच्या त्रिकोणी घड्या करून स्टीलच्या पेल्यात खोचत बसलेले दिसतील आणि तुमच्या तासभराच्या गप्पांकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. अडचण एवढीच की त्या वेळी पुष्कळ ठिकाणी थाळी संपलेली असते आणि फक्त नाश्त्याचे पदार्थ मिळतात.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा की, रविवार सोडून एखाद्या दिवशी साडेअकरालाच हॉटेलात बसावे, म्हणजे साडेबाराच्या गर्दीपूर्वी जेवण आटोपते आणि ऑफिसला जाणाऱ्यांची लोकलमधली झुंबडही टळते. थाळीचा आग्रह नसेल, तर साडेतीनची वेळ त्याहून चांगली. मंगळवार मात्र टाळावा. सिद्धिविनायकाच्या दर्शनाला आलेली मंडळी परतताना याच भागात खायला थांबतात. माटुंग्याला जायचे असेल, तर सोमवारी कोणती हॉटेले बंद असतात ते आधी विचारून घ्यावे.

आता नावांकडे येऊ. स्टेशनला सर्वांत जवळचे म्हणजे दादर पश्चिमेला समोरच असलेले मामा काणे यांचे उपाहारगृह. 1910 पासूनचे हे ठिकाण आहे, आणि बटाटावडा किंवा साधे मराठी जेवण यांसाठी गुडघ्याच्या मैत्रिणीला फार चालावे लागणार नाही, हा त्याचा मोठा गुण. शिवसेना भवनाच्या बाजूला ‘आस्वाद’ आणि ‘प्रकाश’ ही दोन प्रसिद्ध ठिकाणे आहेत. आस्वादच्या मिसळीला 2015 साली लंडनच्या फूडी हब पुरस्कारांत जगातील सर्वांत चविष्ट शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला, आणि अशा मानाबरोबर दारात रांगही येतेच. प्रकाशचा साबुदाणावडा आणि पियुष यांची ख्याती त्याहून जुनी. स्टेशनपासून तिथपर्यंत टॅक्सी करावी. माटुंगा स्टेशनाजवळचे रामा नायक यांचे 1942 चे उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग मला स्वतःला अतिशय प्रिय आहे. तिथल्या केळीच्या पानावरच्या जेवणाला मुंबईत तोड नाही असे मी बेधडक म्हणेन. तरीही आपल्याला मी ते सुचवणार नाही, कारण ते पहिल्या मजल्यावर आहे आणि तिथे माणूस जेवायला जातो, बोलायला नव्हे.

जिन्याची ही गोष्ट वातानुकूलित खोलीबाबतही ध्यानात ठेवावी. जुन्या हॉटेलांत ती खोली बहुधा पोटमाळ्यावर असते आणि तिथे जाणारा जिना अरुंद व उभा असतो, तेव्हा ‘वर एसी आहे’ असे कोणी सांगितले तरी आपण खालीच बसावे. खाली बसताना गल्ला, स्वयंपाकघराचे दार आणि हात धुण्याचे बेसिन यांपासून दूरचे टेबल मागावे, कारण स्टीलची भांडी आणि लादीची जमीन यांमुळे सगळा आवाज तिथेच घुमतो. गर्दीच्या वेळी अनोळखी माणसे शेजारी बसवण्याची पद्धत आहे. भिंतीकडेचे छोटे टेबल मिळाले तर तेही टळते. आणखी एक गोष्ट आपण संकोचाने लिहिली नसेल, पण आपल्या वयात ती महत्त्वाची आहे : अनेक लहान उपाहारगृहांत गिऱ्हाइकांसाठी स्वच्छतागृह नसते. ऑर्डर देण्यापूर्वी, जमल्यास आदल्या दिवशी फोन करूनच, ते विचारावे. मधुमेहाची फारशी अडचण येणार नाही. पुरीऐवजी पोळी आणि बिनसाखरेचा चहा मागितल्यास कोणी नाही म्हणत नाही.

प्रश्न : आम्ही दोघे सुटीच्या संध्याकाळी स्वयंपाकाला फाटा देऊन घराजवळच्या साध्या हॉटेलात जातो. अलीकडे एका ठिकाणी बिलात जीएसटीखेरीज दहा टक्के सेवा शुल्क लावले आणि ‘एसीमध्ये कर जास्त असतो’ असेही सांगितले. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : दुसरे विधान एके काळी बरोबर होते. जुलै 2017 मध्ये जीएसटी सुरू झाला तेव्हा एसी उपाहारगृहाला 18 टक्के आणि बिगर-एसीला 12 टक्के असा फरक होता. 15 नोव्हेंबर 2017 पासून आपण म्हणता तशा साध्या हॉटेलांत दोन्हीकडे 5 टक्केच आकारले जातात. एसी विभागाचे मेनूकार्ड वेगळे आणि दर चढे असू शकतात, पण तो दर झाला, कर नव्हे. काही छोटी हॉटेले जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत, म्हणजे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या सोप्या करयोजनेत असतात. त्यांना गिऱ्हाइकाकडून वेगळा जीएसटी घेताच येत नाही आणि बिलावर तसे लिहावे लागते.

सेवा शुल्क हा सरकारी कर नाही. ते बिलात आपोआप जोडू नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजीच सांगितले आहे आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च 2025 मध्ये ती भूमिका उचलून धरली. तेव्हा गल्ल्यावर जाऊन ‘हे शुल्क काढून द्या’ एवढेच शांतपणे म्हणावे. त्या शुल्कावर लावलेला जीएसटीही कमी झाला का, ते नव्या बिलावर पाहावे. ऐकले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. प्रत्यक्षात हेल्पलाइनचे नाव काढले की बहुतेक ठिकाणी नवे बिल लगेच छापून मिळते. वेटरला काही द्यायचे असेल, तर ते बडीशेपेच्या वाटीत न ठेवता मी त्याच्या हातात देतो, कारण वाटी उचलणारा माणूस नेहमी तोच असतो असे नाही.