नकली भोपळ्यात जांभळा उजेड मळकट का दिसतो?

तुम्ही विचारलंय की हॅलोविनसाठी फोमचा नकली भोपळा कोरला, आत रिमोटवर रंग बदलणारा एलईडी ठेवला. नारिंगी झकास दिसतो, पण जांभळा लावला की सगळं मळकट तांबडं. दिवा बदलू का?

नका बदलू. मी पहिल्या वर्षी तेच केलं. न्यू जर्सीतल्या आमच्या दारात ओळीने तीन दिवे बदलून झाले, तरी भोपळा तसाच. शेवटी मुलीने खेळता खेळता आत एक पांढरा पेपर नॅपकिन कोंबला आणि डावा डोळा एकदम जांभळाधमक पेटला. उजवा होता तसाच.

कोरलेल्या डोळ्यातून आपल्याला बहुतेक करून दिवा दिसत नाही, भोपळ्याची मागची आतली भिंत दिसते. ती नारिंगी किंवा पिवळट असली की निळा उजेड पिऊन टाकते. एलईडीतला जांभळा म्हणजे लाल अधिक निळा. निळा भिंतीने गिळला, उरला लाल. म्हणून आतून पांढरा ॲक्रिलिक रंग ब्रशने लावा, दोन हात. स्प्रे पेंटच्या वाटेला जाऊ नका. फोम थर्माकोलच्या जातीचा असेल तर तो विरघळून खड्डे पडतात.

दुसरी गोष्ट दिव्याच्या जागेची. तो मधोमध ठेवला तर तोंडाच्या फटीतून उघडा ठिपका डोळ्यात खुपतो. मी पुढच्या भिंतीला आतून, तोंडाच्या खाली, मागे तोंड करून चिकटवते. उजेड मागच्या भिंतीवर आपटून परत येतो आणि डोळे, नाक, दात सगळीकडे सारखा पसरतो. तरी ठिपका दिसलाच तर वर बटर पेपरचा तुकडा. आकाशकंदील केलेल्या माणसाला हे सांगायला नको.

दोन रंग हवे असतील तर मागच्या भिंतीवर जांभळा पाडा आणि तळाशी छोटा नारिंगी ठेवा. दातांच्या कापलेल्या कडा खालून नारिंगी उजळतात, त्यांच्या मागे जांभळा अंधार. मला हा सगळ्यात आवडतो. हिरवा एकटाच जास्त प्रखर लावू नका, दवाखान्याची पाटी वाटते.

रंगीत दिवे विकत घ्यायचे नसतील तर साध्या पांढऱ्या एलईडीवर जिलेटिन पेपर गुंडाळूनही चालतं. फक्त लाल कागदातून उजेड फार कमी येतो, कारण पांढऱ्या एलईडीत मुळात गडद लाल थोडाच असतो.

हात शिवशिवत असतील तर ५ व्होल्टची डब्ल्यूएस२८१२बी नावाची एलईडी पट्टी घ्या. यातला प्रत्येक ठिपका वेगळ्या रंगाचा करता येतो. एका भोपळ्याला ८-१० एलईडी पुरे. पूर्ण पांढऱ्यावर एक एलईडी साधारण ६० मिलिअँपिअर खातो, म्हणजे दहांना ६०० धरा. रंगांना त्याहून कमी लागतो. डेटाच्या तारेत, म्हणजे कंट्रोलरकडून पट्टीला रंगाचा हुकूम पोचवणाऱ्या तारेत, ३३० ओमचा एक रेझिस्टर टाका. पॉवर बँकेवर चालवणार असाल तर एक गंमत आहे: मंद उजेडात करंट इतका कमी लागतो की काही पॉवर बँका ‘फोन काढला वाटतं’ असं समजून आपोआप बंद होतात. आमचा भोपळा ऐन मुलं दारात आली तेव्हाच विझायचा. शेवटी मोबाइलचा जुना चार्जर लावला, पण दाराच्या आत, पावसापासून लांब. वायर तळाच्या भोकातून आत घेतली. एरवीही भोक तळालाच कापा. वर झाकण कापलं की त्याच्या फटीतून उजेडाची गोल रेघ दिसते.

मेणबत्ती मात्र अजिबात नाही, पणतीसुद्धा नाही. २०२४ मध्ये इथे दिवाळी आणि हॅलोविन दोन्ही ३१ ऑक्टोबरलाच आले तेव्हा सासूबाईंनी हौसेने भोपळ्यात पणती ठेवायला काढली होती. फोम पेट घेतो आणि त्याचा धूर विषारी असतो. त्यांची पणती भोपळ्याशेजारी पायरीवर ठेवली, चांगली हातभर लांब.

नोव्हेंबरात भोपळा माळ्यावर टाकण्याआधी दिव्यातले सेल काढून ठेवा. माझ्या एका दिव्यात ते वर्षभर राहिले, पाझरले, आणि पांढऱ्या रंगावर हिरवट चट्टा उमटला तो उमटलाच.