माहितीपत्रकाबरोबर वेळापत्रकही मागवा

प्रश्न : माझ्या मुलीला आतिथ्य व्यवस्थापन शिकायचे आहे. आमच्यापुढे तीन पर्याय आहेत : हॉटेल मॅनेजमेंटची चार वर्षांची पदवी, सर्वसाधारण व्यवस्थापनाची पदवी (यात आतिथ्य हा शेवटच्या वर्षीचा विशेष विषय आहे) आणि पाककलेची दोन वर्षांची पदविका. तिला स्वयंपाकाची आवड आहे, पण पुढे मोठ्या हॉटेलची व्यवस्थापक व्हायचे आहे. पहिल्या महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ असे ठळक छापले आहे. मुलगी स्वभावाने अबोल आहे, त्याचीही काळजी वाटते. निवड कशी करावी?

उत्तर : आपल्या पत्रातच एक पेच आहे, तो आधी सोडवू. स्वयंपाकाची आवड असणे आणि हॉटेल चालवण्याची इच्छा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाककलेची पदविका स्वयंपाकघरासाठी माणूस तयार करते. तेथून मुख्य शेफच्या पदापर्यंत उत्तम वाटचाल होऊ शकते, परंतु फ्रंट ऑफिस (स्वागतकक्षाचे काम), हाउसकीपिंग (खोल्यांची आवराआवर) आणि हिशेब या बाजू नंतर स्वतंत्रपणे शिकाव्या लागतात. व्यवस्थापक होण्याचा विचार पक्का असेल तर तिसरा पर्याय बाजूला ठेवावा. हॉटेल मॅनेजमेंटच्या पदवीत फूड प्रॉडक्शन, म्हणजे स्वयंपाकाचा विषय असतोच, त्यामुळे तिची आवड उपाशी राहणार नाही.

उरलेल्या दोहोंत निवड करताना दोन्ही ठिकाणांहून प्रत्येक सत्राचे वेळापत्रक मागवा आणि त्यात हाताने करायचे काम व आकड्यांचे काम किती तास आहे, हे मोजा. या शिक्षणाला दोन्ही लागतात, हे जुन्या संस्थांकडे पाहिले तरी कळते. १८९३ मध्ये सुरू झालेल्या, स्वित्झर्लंडमधील लोझानच्या हॉटेल विद्यालयात भावी व्यवस्थापकांनाही आधी स्वयंपाकघरात आणि टेबलांवर वाढण्याचे काम करावे लागते. १९२२ मध्ये हॉटेल प्रशासनाचे शिक्षण सुरू करणाऱ्या अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या आवारात तर स्टॅटलर नावाचे खरेखुरे हॉटेल आहे आणि विद्यार्थी तेथे काम करतात.

आकड्यांची बाजू बहुतेक पालकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून एक उदाहरण देतो. शंभर खोल्यांच्या हॉटेलात एका रात्री ८० खोल्या सरासरी ५० च्या दराने गेल्या, तर ४,००० मिळाले. त्याच हॉटेलात ६० खोल्या ७० च्या दराने गेल्या, तर ४,२०० मिळाले, शिवाय सकाळी वीस खोल्या कमी आवराव्या लागल्या. हॉटेल भरलेले दिसले म्हणजे धंदा चांगला झाला असे नव्हे, हे येथे दिसते. मात्र ज्या हॉटेलची न्याहारी आणि बार यांतून मोठी कमाई होते, त्याला ८० भरलेल्या खोल्याच अधिक परवडतील. आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही, म्हणूनच दर कधी चढवायचा आणि कधी उतरवायचा याचे महसूल व्यवस्थापन हे स्वतंत्र शास्त्र तयार झाले. ते आधी विमान कंपन्यांनी रुळवले आणि नंतर हॉटेलांनी उचलले. महसूल व्यवस्थापन आणि हॉटेलचे लेखांकन हे विषय अभ्यासक्रमात नसतील, किंवा शेवटच्या सत्रात उरकलेले असतील, तर ती पदवी पर्यवेक्षकाच्या पदापर्यंत नेईल, त्यापुढे मुलीला स्वतःच धडपडावे लागेल. सर्वसाधारण व्यवस्थापनाच्या पदवीत बहुधा याच्या उलट घडते : ताळेबंद वाचता येतो, पण चादरीचा कोपरा कसा दुमडतात हे ठाऊक नसते, आणि हाताखालची माणसे हे पहिल्याच आठवड्यात ओळखतात. माझा कल पहिल्या पर्यायाकडे आहे, अर्थात वेळापत्रकात हे विषय सापडले तरच.

इंटर्नशिपबद्दल गोलमोल उत्तर स्वीकारू नका. किती आठवडे, कोणकोणत्या विभागांत, विभाग किती दिवसांनी बदलतो आणि विद्यावेतन मिळते का, हे लेखी विचारा. सहा महिने एकाच मेजवानी विभागात ताटे उचलण्यात गेले, तर त्याला प्रशिक्षण न म्हणता स्वस्त मनुष्यबळ म्हणावे लागेल. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चेही तसेच आहे. हे शंभर टक्के सर्व विद्यार्थ्यांचे, की केवळ नोकरीसाठी नाव नोंदवणाऱ्यांचे? पद कोणते होते? त्यांपैकी किती जण वर्षभराने त्याच क्षेत्रात टिकले? याची उत्तरे महाविद्यालयापेक्षा दोन-तीन वर्षांपूर्वी बाहेर पडलेले विद्यार्थी अधिक मोकळेपणाने देतील. पदवी उच्च शिक्षणासाठी ग्राह्य आहे का, हे मात्र कार्यालयातूनच खात्री करून घ्या. गणवेश, सुऱ्यांचा संच आणि इंटर्नशिपच्या काळातील निवास यांचा खर्च शुल्कात धरला आहे का, हेही विचारून ठेवा.

भेटीला जाल तेव्हा सभागृहापेक्षा प्रशिक्षणाचे स्वयंपाकघर पाहण्याचा आग्रह धरा आणि तेथील शीतकपाट उघडायला सांगा. प्रत्येक डब्यावर तारखेची चिठ्ठी आहे का? कच्चे मांस खालच्या फळीवर आणि शिजवलेले अन्न त्याच्या वर ठेवले आहे का? कच्च्याचे पाणी शिजवलेल्यावर गळू नये म्हणून ही रचना असते. ती तेथे पाळली जात नसेल, तर वर्गातल्या स्वच्छतेच्या धड्याला फारसा अर्थ उरत नाही.

राहिला अबोलपणाचा प्रश्न. रात्रपाळीत सारे हॉटेल झोपलेले असताना दिवसभराची बिले, रोख आणि खोल्यांच्या नोंदी जुळवून तो दिवस बंद करणारा नाइट ऑडिटर फारसे बोलत नाही, आणि त्याच्या आकड्यांवरच सकाळची बैठक चालते. महसूल, खरेदी आणि हाउसकीपिंग या विभागांतही शांत माणसे चांगली रुळतात. स्वागतकक्षात चिडून आलेल्या पाहुण्यालाही आधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणारे कोणी हवे असते. तरीही शुल्क भरण्यापूर्वी तिला एखाद्या हॉटेलात काही दिवस हाउसकीपिंगच्या पाळीवर मदतीला पाठवता आले, तर जरूर पाठवा. एका पाळीत डझनभर किंवा त्याहून अधिक खोल्या आवरल्या जाताना पाहून, आणि सणासुदीला आपण कामावर असू हे समजूनही तिची इच्छा कायम राहिली, तर प्रवेश घ्यायला हरकत नाही.