आधी आजीला सांगा

प्रश्न : मी २८ वर्षांची आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत राहते, बँकेत नोकरी करते. घर वारकरी. आजीच्या गळ्यात माळ आहे, तिचा संध्याकाळचा हरिपाठ कधी चुकत नाही. दोन वर्षांपासून मी शुभवर्तमानं, म्हणजे बायबलमधली येशूची चरित्रं, वाचते आहे आणि येशूवर माझा विश्वास बसू लागला आहे. पण भावाने चार प्रश्न विचारले की मी गप्प होते, काही सिद्ध करता येत नाही. तुम्ही तर्कशास्त्र शिकवत होता आणि ख्रिस्ती झालात, असं याच सदरात मागे वाचलं. तर्काने तिथवर पोचता येतं का? आणि घरच्यांचं काय करू?

उत्तर : अकरावीच्या वर्गाला तर्कशास्त्राचा पहिला धडा मी ३१ वर्षं शिकवला. विधान म्हणजे काय? जे वाक्य सत्य किंवा असत्य असू शकतं ते. ‘पंचगंगेला पूर आला आहे’ हे विधान. ‘पूर कधी ओसरणार?’ हे विधान नव्हे. प्रश्नाला सत्यता-मूल्य नसतं, म्हणून तो आपल्या कामाचा नाही, असं सांगून मी फळा पुसायचो.

त्याच फळ्यावर दरवर्षी ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरसच्या नावाने सांगितला जाणारा पेचही मांडायचो. देव दयाळू असून त्याला दुःख थांबवता येत नसेल तर तो सर्वशक्तिमान नाही. थांबवता येत असून थांबवत नसेल तर तो दयाळू नाही. मला हा पेच बिनतोड वाटे. देव मानत नव्हतो आणि त्याचा मला अभिमान होता.

मग आईला पक्षाघात झाला. इथल्याच एका दवाखान्यात ती चाळीस दिवस होती. तिची वाचा गेली होती, डोळे मात्र सगळं बोलायचे. रात्रपाळीला एक ख्रिस्ती सिस्टर असायच्या. आईची कूस बदलण्याआधी त्या दोन्ही तळहात एकमेकांवर घासायच्या, मग स्वतःच्या गालाला लावून बघायच्या, ऊब आली की नाही ते. मगच आईला हात लावायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, “गार हात लागला की म्हातारी माणसं दचकतात, सर.”

एका रात्री तीनच्या सुमाराला मी त्यांच्यावरच घसरलो. “तुम्ही देव मानता ना? मग हे काय चाललंय?” त्यांनी हातातली चादर नीट घडी केली. म्हणाल्या, “मला नाही सांगता येणार. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सत्ताविसावा अध्याय वाचा. त्यानंपण विचारलंय.”

येशूचं वधस्तंभावरचं ते वाक्य मला आधी ठाऊक नव्हतं असं नाही. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ बायबलमधल्या बाविसाव्या स्तोत्राची ती पहिली ओळ आहे. पण त्या रात्री लक्षात आलं की हे विधान नाही, प्रश्न आहे. एकतीस वर्षं जो मी फळ्यावरून पुसत आलो, तोच. माझ्या पेचात देव वर बसून जाब द्यायला बांधलेला होता आणि आई खाली खाटेवर होती. इथे तो तिच्या बाजूला, तिच्याच प्रश्नासकट. पेच त्याने सुटला नाही, आजही सुटलेला नाही. मी त्यात देवाची जी व्याख्या गृहीत धरली होती ती मोडली.

यावर तुमचा भाऊ म्हणेल, ही तर भावना झाली. बरोबर आहे त्याचं. म्हणून त्याला बायबलमधलं, प्रेषित पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय दाखवा. तिथे पौल स्वतःच म्हणतो की ख्रिस्त मरणातून उठला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. आपला विश्वास कशाने कोसळेल हे सांगून ठेवणारा माणूस मला तर्काच्या माणसासारखा वाटला. रिकामी कबर पहिल्यांदा बायकांनी पाहिली, असं चारही शुभवर्तमानं सांगतात; त्या काळी बाईच्या साक्षीला फारशी किंमत नव्हती, म्हणजे कथा रचणाऱ्याने असे साक्षीदार निवडले नसते. याने काही सिद्ध होत नाही. मला मात्र पुस्तक मिटून ठेवता येईना.

घाई करू नका. आई गेल्यावर मी सहा वर्षं न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरियल चर्चच्या मागच्या बाकावर बसत होतो. ज्यांच्या नावाने ते आहे ते मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ मध्ये अमेरिकेहून कोल्हापुरात आले. मला शाहूपुरीतल्या शाहूपुरीत इतका वेळ लागला. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला, पण ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने भेटला तो त्यानंतर कित्येक वर्षांनी, असं त्यांनीच लिहून ठेवलं आहे. संस्कृत शास्त्रं कोळून प्यालेली बाई ती.

आता आजी. तुकोबा टाकून द्यावे लागतील या भीतीत राहू नका. कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरूनच ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत आणि पुढेही अभंगच लिहीत राहिले. पण १८९५ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळासारखा कोसळला, आणि दोघं काही वर्षं वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाई आल्या, त्या स्वतःच्या पायांनी.

हीच चूक मी केली. पाळकांना आधी सांगितलं, बायकोला नंतर. ती रडली नाही, भांडली नाही. “मला आधी सांगायचं होतंत,” एवढंच म्हणाली आणि तीन महिने तो विषय घरात निघाला नाही. ती आजही ख्रिस्ती नाही. शुक्रवारी अंबाबाईला जाते, मी तिला महाद्वारापर्यंत सोडतो. पण ते वाक्य अजून बोचतं.

म्हणून भावाशी वाद नंतर घाला. आजीला ही गोष्ट गल्लीतून कळू देऊ नका. तिचा हरिपाठ होऊ द्या, निरांजन शांत होऊ द्या, मग तिच्याजवळ खाली बसा आणि सांगा. ती विचारेल त्यातल्या ज्याचं उत्तर येत नसेल, तिथे येत नाही म्हणा.